चिठ्ठी कोणत्या पत्त्यावर टाकायची?
संगणकातील इंटरप्ट-संदेश आणि त्यांच्या सुरक्षित पत्त्यांचा प्रश्न

प्रोसेसर एका सेकंदात अब्जावधी सूचना पार पाडतो. डिस्क, नेटवर्क कार्ड, कॅमेरा ही मंडळी त्याच्या मानाने फारच सावकाश. प्रोसेसर त्यांच्या तोंडाकडे पाहत बसला तर दुसरे काहीच होणार नाही. म्हणून संगणक बांधणाऱ्यांनी फार लवकर एक सोय केली. उपकरणाने आपले काम करत राहावे, झाले की प्रोसेसरला हाक मारावी. प्रोसेसरने हातातले काम क्षणभर बाजूला ठेवून तिकडे बघावे. कुकरची शिट्टी होईपर्यंत आपण ओट्यापाशी उभे राहत नाही, तसेच. या हाकेला ‘इंटरप्ट’ म्हणतात. १९५४ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने बांधलेल्या ‘डायसिॲक’ या यंत्रात उपकरणांसाठी ही सोय पहिल्यांदा आली, असे साधारणपणे मानले जाते.

या लेखाचा विषय त्या हाकेतला एक छोटा तपशील आहे. आजच्या संगणकात उपकरण हाक मारते म्हणजे एका पत्त्यावर चिठ्ठी टाकते. तो पत्ता कोणी ठरवायचा, आणि कोणता ठरवला तर गोंधळ होणार नाही? प्रश्न साधा दिसतो. उत्तर चुकले तर यंत्र बंद पडत नाही, धूर निघत नाही, पडद्यावर लाल अक्षरे येत नाहीत. माहितीचा एखादा तुकडा फक्त गायब होतो. म्हणूनच तो समजून घ्यावासा वाटला.

सुरुवात तारेपासून करू. जुन्या संगणकात प्रत्येक उपकरणापासून प्रोसेसरकडे एक तार जाई. तारेवरचा दाब बदलला की घंटा वाजली. आम्हा वसईकरांना घंटांचे वेगळे अप्रूप आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर इथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा घाटावरच्या देवळांत गेल्या. भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या पाहता येतात. देवळातली घंटा वाजली की कोणी तरी आले एवढे कळते. कोण आले, कशासाठी आले, हे घंटा सांगत नाही. इंटरप्टच्या तारेचेही तसेच होते.

१९८१ च्या आयबीएम पीसीत अशा घंटा मोजणारी एकच चिप होती, इंटेलची ८२५९. तिला ८ तारा. १९८४ च्या ‘एटी’ मॉडेलमध्ये दुसरी चिप जोडली, तिची दोरी पहिलीच्या एका तारेला बांधली, म्हणून १६ ऐवजी १५ तारा हाती आल्या. नव्वदच्या दशकात डॉ. भडकमकर मार्गावर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या लॅमिंग्टन रोडवर, ज्यांनी पीसी जोडले त्यांना या १५ तारांची वाटणी पाठ असे. माउस पहिल्या सिरियल पोर्टवर, त्याची तार ४. मोडेम तिसऱ्या पोर्टवर लावला तर त्याचीही ४. मग मोडेमने फोन लावला की माउस गोठायचा. गिऱ्हाईक म्हणायचे माउस खराब आहे. कार्डावरचा इवलासा जंपर काढून शेजारच्या पिनांवर बसवला की दोघे नांदू लागत. मी हे काम बरीच वर्षे केले. माझे संगणकशास्त्र त्या जंपरपासून सुरू झाले. कॉलेजात त्यासाठी गेलो नाही.

१९९२ मध्ये पीसीआय ही बस आली. तिने प्रत्येक खाचेला चार तारा दिल्या आणि एका तारेवर अनेक उपकरणे बसू शकतील अशी व्यवस्था केली. भांडण मिटले, पण घंटा वाजली की त्या तारेवरच्या प्रत्येकाला ‘तू वाजवलीस का?’ असे विचारत फिरायचे काम ड्रायव्हरच्या गळ्यात आले. (इथे ड्रायव्हर म्हणजे विशिष्ट उपकरणाशी बोलणारा प्रोग्रॅम.) आणखी एक अडचण होती, ती जास्त खोल होती. उपकरण आपली माहिती प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत लिहिते. याला डीएमए म्हणतात. ही माहिती वाटेत एकदोन पुलांवर थांबत-थांबत जाते. घंटा मात्र वेगळ्या तारेने जाते, ती कुठेच थांबत नाही. दिव्याहून वसई रोडकडे मालगाडी निघाली, आणि माल पोहोचल्याचा फोन गाडी सुटताक्षणीच केला, तर घ्यायला आलेला माणूस रिकाम्या रुळांकडे बघत बसेल. प्रोसेसरचे तसे होई. घंटा ऐकून तो मेमरीत बघायचा आणि तिथे अजून जुनीच माहिती असायची. म्हणून ड्रायव्हरने आधी उपकरणाकडून काही तरी वाचून घ्यायचे. ते वाचन वाटेत अडकलेला माल पुढे ढकलते.

यावर निघालेला तोडगा मला फार आवडतो. फोन बंदच करायचा. माल गेल्यावर त्याच रुळावर, त्याच्यामागे एक छोटी चिठ्ठी पाठवायची. एकाच रुळावर मागची गाडी पुढच्या गाडीच्या पुढे जात नाही. चिठ्ठी पोहोचली याचा अर्थ माल आधीच पोहोचला आहे. पीसीआयच्या २.२ या आवृत्तीत ही पद्धत आली. तिचे नाव ‘मेसेज सिग्नल्ड इंटरप्ट’, थोडक्यात एमएसआय. चिठ्ठी म्हणजे तरी काय, तर मेमरीत केलेले एक साधे लिखाण. उपकरणाला दोन आकडे आधी सांगून ठेवायचे, एक पत्ता आणि एक मजकूर. काम झाले की त्याने त्या पत्त्यावर तो मजकूर लिहायचा. मजकुरात ‘मी अमुक, माझे तमुक काम झाले’ हे ओळखण्यापुरता क्रमांक असतो, त्यामुळे घंटेचे मुकेपण गेले. एका उपकरणाला असे ३२ पर्यंत वेगवेगळे संदेश ठेवता येतात. पुढच्या सुधारलेल्या पद्धतीत, एमएसआय-एक्समध्ये, २०४८ पर्यंत.

आता मूळ प्रश्न. चिठ्ठी आणि माल दिसायला सारखेच आहेत. दोन्ही मेमरीतली लिखाणे, दोन्ही एकाच वाटेने येतात. त्यांना वेगळे करणारी खूण एकच, पत्ता. दाराशी बसलेला नियंत्रक येणाऱ्या प्रत्येक लिखाणाचा पत्ता पाहतो. ठरलेला पत्ता असेल तर ते लिखाण मेमरीपर्यंत जाऊच देत नाही. तिथेच थांबवून प्रोसेसरला हाक देतो. बाकी सगळे आत सोडतो.

पोस्टाच्या भाषेत सांगायचे तर हा एक राखीव पिनकोड झाला. आपला सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, पोस्ट खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. आमचा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्याचा पालघर झाला, तरी वसईचा ४०१२०१ तसाच राहिला. हा चांगल्या पत्त्याचा गुण. समजा पोस्टाने ठरवले की अमुक पिनकोडवर आलेले पत्र कुणाच्या घरी द्यायचे नाही. ते आले की फक्त पोस्टमास्तरांना उठवायचे. योजना छान चालेल, पण त्या पिनकोडात कोणी राहत नसेल तरच. एखादे कुटुंब तिथे राहायला आले, तर त्यांची पत्रे रोज गडप होणार आणि पोस्टमास्तर रोज उगाच उठणार.

आपल्या घरातल्या नेहमीच्या पीसीत हा प्रश्न इंटेलने कायमचा सोडवून टाकला आहे. ४ जीबीच्या सीमेच्या १८ एमबी अलीकडे १ एमबीचा एक पट्टा त्यांनी या कामासाठी राखला. तिथे मेमरी दिसत नाही, कार्डांच्या खिडक्या उघडत नाहीत. पत्त्याच्या आतल्या ८ बिटांत कोणत्या प्रोसेसरला उठवायचे ते लिहिलेले असते. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला काही ठरवावेच लागत नाही. आर्मच्या मोठ्या चिपांतही नियंत्रकाचा पत्ता सिलिकॉनमध्ये कोरलेला असतो.

अडचण आहे ती मधल्या वर्गाची: छोटे बोर्ड, सेट टॉप बॉक्स, राउटर, कारखान्यातले नियंत्रक. यांच्यातल्या अनेक चिपांत दाराशी बसलेला नियंत्रक कोऱ्या पाटीचा असतो. ‘कोणता पत्ता पाहू?’ असे तो ड्रायव्हरलाच विचारतो. सिनॉप्सिस कंपनीचा ‘डिझाइनवेअर’ हा नियंत्रक अशा प्रकारचा, आणि तो कितीतरी कंपन्यांच्या चिपांत बसलेला आहे. पत्ता निवडणे हे मग लिनक्सच्या ड्रायव्हर-लेखकाचे काम होते, आणि तिथे त्याच्यापुढे दोन वाटा असतात.

पहिली वाट अशी. मेमरीतले एक पान, म्हणजे बहुधा ४०९६ बाइट, रीतसर मागून घ्यायचे आणि त्याचा पत्ता नियंत्रकाला द्यायचा. त्या पानावर कधीच काही लिहिले जाणार नाही, कारण नियंत्रक सगळे वरच्या वर झेलतो. पण पान आपल्या नावावर असल्यामुळे कर्नल ते दुसऱ्या कुणाला देणार नाही. जमीन घेऊन सातबाऱ्यावर नाव चढवायचे आणि तिथे काहीच बांधायचे नाही, असा हा व्यवहार. चार किलोबाइट वाया गेले तर आज कोणी रडत नाही. बरेच ड्रायव्हर अनेक वर्षे हेच करत आले.

दुसरी वाट पान वाया न घालवण्याची. जिथे मेमरीच नाही असा एखादा आकडा निवडायचा. पत्त्यांचा प्रदेश प्रचंड असतो, बसवलेली मेमरी त्याचा छोटा तुकडा. मोकळी जागा भरपूर. ही वाट हुशारीची वाटते, आणि वसई-विरारमध्ये पन्नास वर्षे काढलेल्या माणसाला तिची लगेच भीती वाटते. इथे मोकळा प्लॉट मोकळा राहत नाही. काल मिठागर होते तिथे आज चार मजले उभे असतात. मेमरीचेही तसेच आहे. आज १ जीबीचा बोर्ड, पुढच्या वर्षी त्याच नावाने २ जीबीचा.

वसई पूर्वेच्या एका कारखान्यात हे प्रत्यक्ष पाहायला मिळाले. पत्र्याची छोटी झाकणे पट्ट्यावरून जात, वरचा काळा-पांढरा कॅमेरा प्रत्येकाचे चित्र घेई आणि ओरखडा दिसला की झाकण बाजूला पडे. कॅमेऱ्याचे कार्ड एका आर्म बोर्डावर. जुना बोर्ड जळाल्यावर तोच क्रमांक असलेला नवा आणला, आणि चांगली झाकणे नापास होऊ लागली. रोज नाही. काही दिवस दिवसभर, काही दिवस अजिबात नाही. रात्रपाळीच्या ऑपरेटरवर ठपका आला की तो कॅमेऱ्याची काच पुसत नाही. त्याचे तासही कापले जाऊ लागले. मला बोलावले ते खरे म्हणजे पॉवर सप्लाय तपासायला.

नापास झाकणांची चित्रे साठवलेली होती, ती एकामागून एक पाहिली. प्रत्येकात एकाच जागी एक बारीक काळी आडवी रेघ. काचेवर धूळ असती तर ती प्रत्येक चित्रात दिसली असती; ही दर आठव्या चित्रात होती. प्रोग्रॅम मेमरीत आठ चित्रांची जागा आळीपाळीने वापरत होता, म्हणजे दोष आठांपैकी एकाच जागेत. रेघ मोजली, बरोबर १२८ पिक्सेल. इथे एक पिक्सेल म्हणजे एक बाइट, आणि पीसीआय एक्स्प्रेसवर एका पॅकेटात जाणाऱ्या मालाची सर्वांत छोटी ठरलेली कमाल मर्यादा १२८ बाइटचीच. म्हणजे दर खेपेला त्याच जागेचे एक पॅकेट पोहोचत नव्हते. मेमरी खराब असती तर असा नेमका आकडा निघाला नसता. त्या जागेचा पत्ता काढला तर तो बरोबर १ जीबीवर निघाला. कार्डाला दिलेला एमएसआयचा पत्ता वाचला, तोही बरोबर १ जीबी.

बोर्डाबरोबर आलेल्या ड्रायव्हरमध्ये तो आकडा सरळ लिहून ठेवलेला होता. जुन्या बोर्डात १ जीबी मेमरी होती, ती शून्यापासून सुरू होऊन त्या आकड्याच्या आत संपे. पत्ता कुंपणाबाहेर पडे. नव्यात २ जीबी, पत्ता ऐन मध्ये. सुरुवातीला कर्नलने चित्रांच्या जागेसाठी ते पान दिले की दिवसभर रेघ, दुसरे दिले की दिवसभर काहीच नाही. चित्राचा तेवढा तुकडा नियंत्रक चिठ्ठी समजून खाऊन टाकत होता आणि प्रोसेसरला खोटी हाक देत होता. इंटरप्टचा हिशेब चित्रांच्या संख्येपेक्षा जास्त भरत होता, तो यामुळे. बोर्डाच्या वर्णनाची जी फाइल कर्नल सुरुवातीला वाचतो, तिच्यात ते एक पान ‘राखीव, कोणाला देऊ नये’ असे नोंदवले. रेघ गेली. ऑपरेटरचे कापलेले तास परत मिळाले की नाही, हे मी दोनदा विचारले. दुसऱ्यांदा ‘हो’ असे उत्तर मिळाले.

यावरून पहिली वाट बरी, असे वाटेल. पण सातबाऱ्यावर नाव असणे पुरत नाही. इथे या विषयातला सर्वांत अवघड भाग येतो.

प्रोसेसरला दिसणारा मेमरीचा पत्ता आणि उपकरणाला दिसणारा पत्ता एकच असतील असे नाही. मध्ये भाषांतर करणारा असू शकतो. त्याला आयओएमएमयू म्हणतात. तो प्रत्येक उपकरणाला खोट्या आकड्यांचा एक स्वतंत्र नकाशा देतो आणि आलेला आकडा खऱ्या पत्त्यात बदलतो. आपल्याकडे एकाच जमिनीला तलाठ्याच्या दप्तरात सर्व्हे नंबर आणि नगर भूमापनाच्या दप्तरात वेगळा सिटी सर्व्हे नंबर असतो, हे ज्यांनी फ्लॅट घेताना अनुभवले त्यांना हा प्रकार लगेच कळेल. सर्व्हे नंबर ५० आपल्या नावावर आहे. म्हणून सिटी सर्व्हे नंबर ५० ही आपला झाला का? तो भलत्याच कुणाचा असू शकतो. दाराशी बसलेला नियंत्रक मात्र भाषांतराच्या आधी, उपकरणाच्या दप्तरातला आकडा पाहतो. ड्रायव्हरने प्रोसेसरच्या दप्तरात पान राखले आणि तोच आकडा नियंत्रकाला दिला, तर आयओएमएमयू तोच आकडा एखाद्या दिवशी नेटवर्क कार्डाच्या मालासाठी वाटून मोकळा होईल. नाव आपले, जागा आपली, तरीही माल गडप.

एनव्हिडियाच्या टेग्रा चिपच्या लिनक्स ड्रायव्हरचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. आधी तिथे पहिली वाट होती, साधे पान मागून घेतलेले. मग कुणाला वाटले की नियंत्रक वरच्या वर झेलतो तर पान कशाला दवडायचे. चिपच्या नकाशातल्या मेमरी नसलेल्या पट्ट्यातला एक उंचावरचा आकडा निवडला. तो ४ जीबीच्या वर होता, आणि काही कार्डांना ३२ बिटांपलीकडचा पत्ता लिहिताच येत नाही. ४ जीबी म्हणजे ३२ बिटांची हद्द. त्यांच्या चिठ्ठीवर तो पत्ता मावेना. शेवटी पान परत आले, पण या वेळी डीएमएच्या खात्यातून, म्हणजे उपकरणाच्या दप्तरात नोंदवून, आणि ४ जीबीच्या आत असावे या अटीवर. बदलाच्या टिपणात कारण स्पष्ट दिले आहे: माल आणि चिठ्ठी यांचे पत्ते एक होऊन नको ते इंटरप्ट येऊ नयेत म्हणून. डिझाइनवेअरच्या ड्रायव्हरनेही पुढे तोच मार्ग धरला. तिथल्या टिपणाचा सूर असा की अधिक चांगला उपाय सापडेपर्यंत हे असे. मला हा प्रामाणिकपणा आवडला. नुसता आकडा राखायचा आहे, मेमरी नको आहे, तरी आकड्याची मालकी मिळवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणून मेमरी घ्यावी लागते.

दुसऱ्या वाटेचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्यापैकी अनेकांच्या मुलांच्या टेबलावर असेल. २०१९ साली आलेल्या रास्पबेरी पाय ४ मध्ये ब्रॉडकॉमची चिप आहे आणि तिच्यातल्या पीसीआय एक्स्प्रेसच्या ड्रायव्हरने रिकामे आकडेच निवडले आहेत. एक ४ जीबीच्या सीमेच्या फक्त ४ बाइट अलीकडे, दुसरा ६४ जीबीच्या ४ बाइट अलीकडे. शेवटचे ४ बाइट अशासाठी की पत्ता चाराने भागला जावा लागतो. पण तो डोळे मिटून निवडत नाही. उपकरणांना मेमरी दिसण्यासाठी जी खिडकी उघडलेली असते ती कुठून कुठवर आहे ते आधी बघतो. खिडकी ४ जीबीच्या आतच संपत असेल, किंवा तिची सुरुवातच त्यापलीकडे असेल, तर पहिला पत्ता, कारण तो सगळ्या कार्डांना चालतो. खिडकी तिथवर येऊन भिडत असेल तर दुसरा. यात एक गंमत आहे. खिडकीचा आकार २ च्या घातातच असावा लागतो. पाय ४ च्या पहिल्या चिपांत पीसीआयला पहिल्या ३ जीबीपर्यंतच पोहोचता येई. ३ हा २ चा घात नाही, म्हणून खिडकी ४ ची करावी लागते. घर तीनचे, कुंपण चारचे. मेमरी किती आहे एवढेच पाहून पत्ता निवडला असता तर तो कुंपणाच्या आत पडला असता. ड्रायव्हर कुंपण मोजतो.

मेमरीची खिडकी चुकवली तरी आणखी एक खड्डा उरतो, आणि अनुभवी माणसेही तो विसरतात. प्रोसेसरला कार्डांशी बोलण्यासाठी उलट दिशेच्या खिडक्या असतात. प्रत्येक कार्डाला त्यातला एकेक पट्टा दिलेला असतो. कार्डे आणि दार यांच्यामध्ये स्विच असेल तर तो पत्ता बघून रस्ता ठरवतो. आपला रिकामा वाटलेला आकडा शेजारच्या कार्डाच्या पट्ट्यात पडला, तर स्विच चिठ्ठी वर जाऊच देणार नाही. थेट शेजाऱ्याच्या घरात टाकेल. इंटरप्ट आला नाही म्हणून नेटवर्क कार्ड वाट बघत बसेल, आणि शेजारच्या डिस्क-कार्डाच्या रजिस्टरात भलताच आकडा लिहिला गेलेला असेल. एकच कार्ड लावून केलेल्या चाचणीत हे कधीच दिसत नाही.

या सगळ्याची उलट बाजूही आहे. माल चुकून चिठ्ठीच्या पत्त्यावर गेला तर हाक उठते, मग कोणी मुद्दाम पाठवला तर? २०११ मध्ये राफाल वोइतचुक आणि योआना रुतकोव्स्का या दोघांनी हे करून दाखवले. एकाच सर्व्हरवर अनेक गिऱ्हाइकांची आभासी यंत्रे चालतात आणि एखाद्याला खरे कार्ड वापरायला दिलेले असते. त्याने त्या कार्डाला इंटेलच्या राखीव पट्ट्यात हवे ते लिहायला लावले, तर यजमान प्रोसेसरला हवी ती हाक देता येते. आयओएमएमयूची भिंत मेमरीभोवती होती; चिठ्ठीची पेटी भिंतीबाहेर राहिली होती. यावरचा उपाय ‘इंटरप्ट रिमॅपिंग’: चिठ्ठी कोणाकडून आली ते तपासायचे आणि त्याला परवानगी असलेलीच हाक पुढे न्यायची. ही सोय नसेल तर लिनक्स असे कार्ड आभासी यंत्राला द्यायला नकार देते. ‘असुरक्षित इंटरप्ट चालतील’ असे मालकाने स्वतः लिहून दिले तरच देते.

महाराष्ट्रात हे काम खालच्या थरापासून करणारी माणसे आहेत. पुण्याच्या सी-डॅकने २००३ च्या परम पद्म आणि २००८ च्या परम युवा या महासंगणकांसाठी ‘परमनेट’ हे स्वतःचे जोडजाळे बनवले. स्वतःचे कार्ड बनवणाऱ्याला त्याचा ड्रायव्हरही स्वतः लिहावा लागतो, आणि माल आधी, हाक मागून हा करार त्यालाही पाळावा लागतो. नारायणगावजवळच्या खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या ३० अँटेना आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. त्यांचा अखंड प्रवाह नेटवर्क कार्डांतून संगणकांच्या मेमरीत पडत असतो. पत्र्याच्या झाकणावर काळी रेघ निदान दिसते. आकाशातून आलेल्या गोंगाटात १२८ बाइटचा जुना तुकडा राहिला तर तो डोळ्याने ओळखणे अशक्य. अशा ठिकाणी पत्ता कुठून आला हे आधीच माहीत असावे लागते.

ज्यांच्याकडे लिनक्सचा संगणक आहे त्यांना हे घरबसल्या पाहता येईल. पीसीआय उपकरणांची सविस्तर यादी देणारी ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा चालवली की बहुतेक कार्डापुढे एमएसआयची ओळ दिसते, तिच्यात पत्ता आणि मजकूर. साध्या पीसीवर त्या पत्त्याची सुरुवात एफ-ई-ई अशी असेल. तोच इंटेलचा १ एमबीचा पट्टा. आयओएमएमयू चालू असेल तर कर्नल प्रत्येक गटासाठी राखीव प्रदेशांची यादीही ठेवतो. आर्मच्या यंत्रावर तिथे अनेकदा १२८ एमबीपासून सुरू होणारा १ एमबीचा पट्टा सापडतो. तो कोणत्याही चिपमध्ये कोरलेला नाही. आभासी यंत्रांसाठी कर्नल लिहिणाऱ्यांनी तो उपकरणाच्या दप्तरात आपल्या बाजूने राखला आणि यादीत नोंदवला, म्हणजे वरचा प्रोग्रॅम तो चुकवू शकेल.

रिस्क-व्ही या खुल्या रचनेवर आता बरेच भारतीय काम चालू आहे. मद्रास आयआयटीचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे प्रोसेसर त्याच कुळातले. या रचनेचे इंटरप्टविषयीचे नवे प्रमाण २०२३ मध्ये पक्के झाले. त्यात प्रत्येक प्रोसेसर-गाभ्याला चिठ्ठ्यांसाठी ४ किलोबाइटचे स्वतःचे पान आहे, आभासी यंत्रांसाठी आणखी पाने जोडता येतात, आणि ती कुठे ठेवायची ते चिप आखणारा ठरवतो. अशा चिपवर ड्रायव्हर लिहिणाऱ्याला आकडा शोधावा लागणार नाही. डिझाइनवेअरसारखे कोऱ्या पाटीचे नियंत्रक मात्र बाजारात आहेतच आणि अजून बरीच वर्षे विकले जातील. त्यांच्यासाठी लिनक्समध्ये आजही ‘मेमरी नको, फक्त उपकरणाच्या दप्तरातला एक आकडा माझ्या नावावर कर’ असे सांगण्याची सरळ सोय नाही, आणि त्या एका आकड्यासाठी एक पान रिकामे ठेवले जाते.